सल्ला नको आपा, कागद द्या

(तरुण-तरुणींच्या एका मेळाव्यात मिरजेच्या एका निवृत्त शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्येष्ठांच्या एका सेवागटाचं काम त्या पाहतात.)



मला संयोजकांनी विषय दिला होता 'ज्येष्ठांचे तरुणांना मार्गदर्शन'. मी त्यांना म्हटलं, एवढा विषय सोडून काहीही द्या. मार्गदर्शन या मुलांना लग्नात मिळतं, मय्यतीला मिळतं, दाढी करायला गेलं तर खुर्चीत मिळतं, आणि व्हॉट्सअॅपवर तर फजरच्या आधीपासून मिळतं. त्यात माझी भर कशाला? तेव्हा आमचा म्हाताऱ्यांचा गट महिनाभर काय काय करतो, तेवढंच मी सांगणार आहे. त्यातलं तुमच्या गावात जे करता येईल ते उचला.

आम्ही तेवीस जण आहोत. सगळ्यात लहान एकसष्ट वर्षांचे, सगळ्यात मोठे ब्याऐंशीचे. एक जण महसूल खात्यात अव्वल कारकून होते. एक पोलिसात हवालदार होते. एक उर्दू शाळेचे मास्तर, एक बँकेतले कॅशियर, एक एसटीचे ड्रायव्हर. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. आणि आमच्यात दोन खाला आहेत, ज्यांनी नोकरी कधीच केली नाही. त्यांचं काम काय ते पुढे सांगते, कारण गटात सगळ्यात जास्त उपयोग त्यांचा होतो.

गट सुरू करायचा ठरला तेव्हा पहिल्या बैठकीला आम्ही पंधरा-वीस पोरापोरींना बोलावलं आणि विचारलं, बाबांनो, तुम्हाला आमच्याकडून काय पाहिजे? बराच वेळ कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सल्ला नको आपा, कागद द्या." सगळे हसले. तो हसला नाही. त्याचं डिप्लोमाचं एक वर्ष दाखल्यापायी गेलं होतं.

म्हणून आमचं महिन्याचं मुख्य काम कागदांचं. पहिल्या रविवारी सकाळी दहा ते एक, एका शाळेच्या वर्गात आम्ही बसतो. एका बाकावर उत्पन्नाचा दाखला आणि अधिवास, एका बाकावर जातीचा दाखला, एका बाकावर शिष्यवृत्तीचे अर्ज. चहा ज्याचा त्याने आणायचा. बॅनर नाही, हार नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. दहावी-बारावीच्या निकालानंतर आपल्याकडे गुणगौरव सोहळ्यांचा मोसम येतो. ट्रॉफी, शाल, फोटो. मला त्याचा राग नाही, पण ट्रॉफी घेऊन घरी गेलेल्या मुलीकडे प्रवेशासाठी लागणारं नॉन-क्रीमी लेयर आहे की नाही, हे त्या मंचावरचा एकही माणूस विचारत नाही. आणि त्या सोहळ्याच्या खर्चात वर्षभराचे झेरॉक्स निघतात.

आता जातीच्या दाखल्याबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण खरी मेख तिथे आहे.

आपल्यातल्या बऱ्याच जमाती महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत. बागवान, अत्तार, मोमीन, तांबोळी, पिंजारी म्हणजेच नदाफ किंवा मन्सुरी, आणखीही आहेत. हे आपोआप झालेलं नाही. मंडल आयोगानंतर १९९०च्या दशकात मुस्लिम ओबीसींची चळवळ इथे उभी राहिली. जालन्याचे शब्बीर अन्सारी गावोगाव फिरले, दिलीपकुमार यांच्यासारखा नट त्या सभांना आला. त्यांनी दार उघडून दिलं. पण दारातून आत जायला कागद लागतो, आणि तो कागद प्रत्येक घराने आपला आपण काढायचा असतो. २०१४ साली मुसलमानांना ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, शिक्षणातल्या भागाला उच्च न्यायालयाने तात्पुरती मान्यताही दिली, मग अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो विरून गेला. त्यावर गेली दहा वर्षं आपण भाषणं ऐकतो आहोत. ती मागणी करू नका असं मी म्हणत नाही. पण ज्यांना ओबीसीत आधीपासून जागा आहे, त्यांच्यातल्या किती घरांत दाखला आहे, हे त्या सभांमध्ये विचारून बघा. हात फार वर येत नाहीत.

का येत नाहीत? ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख मानलेली आहे. त्याआधीचा पुरावा सगळ्यात भक्कम धरतात. म्हणजे तुमचे आजोबा, त्यांचे भाऊ, पणजोबा, यांच्यापैकी कुणाचा तरी शाळेचा उतारा किंवा गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली नोंद, आणि त्यात जात लिहिलेली पाहिजे. आता शाळेच्या जुन्या रजिस्टरात आपल्या पोराचं नाव घालताना मास्तर जातीच्या रकान्यात काय लिहायचे? 'मुसलमान'. विषय संपला. त्यांनी मुद्दाम केलं असं नाही. विचारलं कुणाला, सांगितलं कुणी? पुढे आडनावही 'शेख' झालं. पन्नास वर्षांनी नातू विचारतो, आपण कोण? घरात सगळ्यांना माहीत असतं, कागदाला माहीत नसतं.

इथे म्हाताऱ्या माणसांचा उपयोग सुरू होतो. कुणाचे आजोबा कुठल्या गावाहून आले, ते किती भाऊ होते, त्यातला कोण शाळेत गेला, कोणाचं लग्न कुठे झालं, हे कुठल्याही पोर्टलवर नाही. ते आमच्या त्या दोन खालांच्या डोक्यात आहे. एक मुलगा येऊन बसतो, खाला त्याला विचारतात, "कुणाचा तू?" तो बापाचं नाव सांगतो. खाला म्हणतात, "म्हणजे त्या लंगड्या बाबूचा पणतू." आणि पुढच्या वीस मिनिटांत चार पिढ्यांची वंशावळ तयार. आमचे अव्वल कारकून ती शपथपत्राच्या नमुन्यात बसवतात. मला तर वाटतं, दर मोहल्ल्यात अशा एक-दोन बाया असतात आणि आपण त्यांना नुसत्या गप्पिष्ट म्हणून सोडून देतो.

एका मुलीची हकिगत सांगते. नाव सांगणार नाही, तिची परवानगी घेतली आहे. बारावी सायन्स, सीईटीला चांगले गुण, बी.फार्मसीला जायचं होतं. वडील गाद्या भरतात. आडनाव शेख, घर पिंजाऱ्यांचं. २०२४च्या ८ जुलैला सरकारचा निर्णय निघाला होता की ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ. म्हणजे दाखला असला तर फी नाही, नसला तर सगळी फी. गाद्या भरून ती फी निघत नाही. वडिलांचं गणित सरळ होतं: बी.ए.ला घाला, नाहीतर स्थळ बघा.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते. कागद शून्य. खालांनी विचारलं, आजोबांना भाऊ होता का? होता, धाकटा, जत तालुक्यातल्या गावी थोडा शिकला होता म्हणतात. चुलत आजोबा म्हणजे बापाकडून रक्ताचं नातं, ते चालतं. मग निघालो आम्ही तिघं: मी, उर्दूचे मास्तर आणि ती मुलगी.

इथे थोडं एसटीबद्दल. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. मार्च २०२३ पासून बायकांनाही अर्धं. आमच्या गटाची सगळी धावपळ याच्यावर चालते. लांबच्या गावाला जायचं असलं की आम्ही पंचाहत्तरीवाल्यांना पाठवतो. मी एकदा कंडक्टरला म्हटलं, मी बाई म्हणूनही अर्धी आणि म्हातारी म्हणूनही अर्धी, दोन अर्धी मिळून माफ करा. तो म्हणाला, मावशी, असं केलं तर मला घरी बसवतील.

तर त्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापक चांगले होते. त्यांनी जुनी रजिस्टरं काढून दिली. कपाटात वाळवी, पानं हाताला लागली की तुटतात. १९५३ सालचं पान सापडलं. सगळं उर्दूत. मास्तरांनी चष्मा पुसला, बोट फिरवत फिरवत खाली आले, आणि थांबले. चुलत आजोबांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आणि पुढे कौम: पिंजारा. तो मास्तर कोण होता कुणास ठाऊक, त्याने 'मुसलमान' लिहून मोकळं व्हायचं सोडून नीट विचारून लिहिलं होतं. मी शिक्षिका म्हणून सांगते, मला त्या माणसाच्या अक्षराला सलाम करावासा वाटला.

पण उतारा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. कचेरीत उर्दू वाचणारं कुणी नाही, म्हणून भाषांतर प्रमाणित करून घ्यावं लागलं. मग पानावरच्या जुन्या शिक्क्यात जिल्हा 'दक्षिण सातारा', तेव्हा एका टेबलावर प्रश्न आला, हा कागद आपल्या जिल्ह्याचा नाहीच. आता जत हे १९४८ पर्यंत संस्थान होतं, विलीन झाल्यावर १९४९ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० साली. हे त्या टेबलावरच्या तरुण मुलाला कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या अव्वल कारकुनांनी त्याला तिथेच उभ्याउभ्या सांगितलं, न रागावता. त्याने ऐकूनही घेतलं. सरकारी माणसाशी बोलायला सरकारी माणूसच लागतो, निवृत्त का असेना.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. दाखला तुम्ही आज जिथे राहता तिथून मिळेलच असं नाही. त्या ठरलेल्या तारखेला तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथल्या प्रांताधिकाऱ्यांकडून तो निघतो. मुलगी जन्मली मिरजेत, शिकली मिरजेत, पण अर्ज जतकडचा. मिरजेहून एसटीने दोन-अडीच तास. हे आधी कळलं नाही तर मिरजेतच दोन महिने खेपा घालून शेवटी 'इथे होत नाही' असं ऐकायला मिळतं. मुलं तिथेच खचतात.

सगळे कागद जमले, आणि मग अडचण आली ती घरातून. मुलीचे वडील सही करायला तयार नाहीत. म्हणाले, आपा, हम शेख हैं. सगळा मोहल्ला आम्हाला शेख म्हणून ओळखतो. मुलीच्या दाखल्यावर पिंजारी लिहिलं की उद्या तिचं स्थळ येईल का? आणि इस्लाममध्ये जात आहे का, सांगा तुम्ही मला.

मुलांनो, हा प्रश्न तुम्हालाही येईल, म्हणून मी इथे जरा थांबते. मी आलिमा नाही. नमाजाच्या सफेत शेख आणि पिंजारी खांद्याला खांदा लावून उभे राहतात, हे मला माहीत आहे, आणि ते खरं आहे. पण सफ मोडून बाहेर पडल्यावर सोयरिकी कशा होतात हेही मला माहीत आहे, आणि तुम्हालाही. ते वडील एकीकडे म्हणत होते जात नाही, आणि दुसरीकडे त्याच जातीची लाज वाटते म्हणत होते. मी त्यांना तसं तोंडावर बोलले नाही. मी शाळेत एवढं शिकले आहे की माणसाला कोंडीत पकडलं की तो सही करत नाही.

आमचे ब्याऐंशी वर्षांचे सदस्य त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यांनी जातीचा विषयच काढला नाही. त्यांनी मुलीच्या आजोबांची गोष्ट काढली. मोहल्ल्यात ते कापूस पिंजायची मोठी धनुकली खांद्यावर टाकून यायचे, तिचा टुणटुण आवाज आला की बायका जुन्या गाद्या बाहेर काढायच्या, लग्नसराईत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. शहरातल्या अर्ध्या नवऱ्या-नवरींच्या गाद्या त्यांनी भरल्यात. वडील ऐकत राहिले. त्यांनी स्वतः लहानपणी ती धनुकली उचलली होती. मग ब्याऐंशीचे चाचा म्हणाले, "कागदावर तुझ्या बापाचा धंदा लिहायचाय बेटा, दुसरं काही नाही." सही झाली.

मला विचाराल तर दाखला म्हणजे तेवढंच आहे. तुमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या कुठलं कष्टाचं काम केलं आणि त्यापायी शाळा कशी सुटली, याची सरकारदरबारी नोंद. त्यात लाज कसली? ज्यांना तो नको असेल त्यांनी घेऊ नये, तो त्यांचा हक्क. पण बापाची लाज मुलीच्या फीच्या आड येऊ नये.

दाखला निघाला, पडताळणीचा अर्ज गेला, मुदतीच्या आत वैधताही आली. मुलगी फार्मसीला आहे. परवा रविवारी ती शिष्यवृत्तीच्या बाकावर बसली होती, अर्ज भरायला नव्हे, भरून द्यायला.

प्रत्येक गोष्ट अशी जमत नाही. एका मुलाचं सांगते. मिरज सरहद्दीवर आहे. पलीकडे कागवाड, अथणी, विजापूर. कामधंद्याला लोक येत-जात राहिले. या मुलाचे आजोबा १९६७ला अथणी तालुक्यात होते, मिरजेला आले त्यानंतर. मुलाचा जन्म इथला, बापाचा जन्म इथला, दोघांच्या शाळा इथल्या, मराठीत. पण दाखल्यापुरते ते दुसऱ्या राज्याचे. त्यांची जमात दोन्ही राज्यांत आहे, तरी तिकडच्या पुराव्यावर इथलं आरक्षण मिळत नाही. आम्ही सगळीकडे विचारलं, दोन वकिलांना विचारलं. काही झालं नाही. त्या मुलाला समोर बसवून 'होणार नाही' हे सांगणं माझ्या वाट्याला आलं. तेही कुणीतरी वेळेत सांगावं लागतं. नाहीतर एजंट पैसे घेतो आणि 'होईल, होईल' करत वर्ष घालवतो. तो मुलगा आयटीआयला गुणांवर लागला. त्याचा राग गेलेला नाही, आणि जावा असं मी त्याला सांगतही नाही.

एजंटांचा विषय निघाला म्हणून. महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अर्ज दिला की पोच मिळाली पाहिजे, दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेलं आहे, नाही दिला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आहे. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज केला तर नंबर मिळतो. एका कचेरीत आमच्या मुलाचा अर्ज कुणी घेईना, उद्या या, परवा या. आमचे हवालदार चाचा सोबत गेले, काही बोलले नाहीत, खिडकीसमोर खुर्ची घेऊन बसले आणि म्हणाले, पोच मिळेपर्यंत बसतो, मला दुसरं काम नाही. पंधरा मिनिटांत पोच. हे बघा, तुमच्याकडे कॉलेज आहे, नोकरी आहे, एक दिवस बुडला की रोज बुडतो. आमच्याकडे सगळा दिवस रिकामा आहे. म्हातारपणात माणसाजवळ पैसा नसतो, ताकद नसते, पण खिडकीसमोर बसायला वेळ असतो. तो आम्ही तुम्हाला देतो.

बाकीचा महिना थोडक्यात सांगते.

दर शनिवारी सकाळी मैदानावर हवालदार चाचा भरतीच्या मुलामुलींना पळवतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. स्वतः पळत नाहीत, शिट्टी वाजवतात आणि ओरडतात. मुली सुरुवातीला दोनच होत्या. खालांपैकी एक जण मैदानाच्या कडेला तसबीह घेऊन बसायला लागल्या, तशी संख्या वाढली. घरच्यांना एवढाच भरवसा हवा होता.

पळण्यात आपली पोरं कमी पडत नाहीत, लेखीत पडतात. भरतीची लेखी परीक्षा मराठीत असते, शंभर गुणांची, त्यात मराठी व्याकरण. उर्दू माध्यमातून आलेली मुलं तिथे अडखळतात. त्यांच्यासाठी महिन्यातून चार संध्याकाळी मी वर्ग घेते. समास, प्रयोग, म्हणी, शुद्धलेखन. मला एक गोष्ट दिसली. ही मुलं बाजारात, रिक्षात, क्रिकेटमध्ये झकास मराठी बोलतात, पण कागदावर लिहायला बसली की त्यांना वाटतं ही भाषा दुसऱ्या कुणाची तरी आहे. ते काढून टाकायलाच मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. विभक्ती नंतर येते.

कॅशियर चाचांचा बाक बँकेचा. शिष्यवृत्ती मंजूर होते आणि खात्यात येत नाही, ही तक्रार फार. कारण बऱ्याचदा साधं असतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि आधार जोडलेलं असतं कुठल्या तरी जुन्या खात्याला, जे आईने कधीतरी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलं होतं. पैसे तिथे पडून असतात आणि मुलगा इथे फीसाठी उसने मागत असतो. आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आधी तपासा. शिष्यवृत्त्याही कमी होत चालल्यात. अल्पसंख्याक मुलांची केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून पहिली ते आठवीला बंद झाली, फक्त नववी-दहावीला राहिली. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच वर्षी बंद केली. त्याविरुद्ध बोललं पाहिजे, आणि आम्ही निवेदनांवर सह्याही केल्या. पण जी चालू आहे तिची तारीख चुकवून तिच्याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही.

पैशाचं विचाराल, तर गटाकडे पैसा फार नाही. सदस्य दरमहा शंभर रुपये देतात. त्यातून झेरॉक्स, प्रतिज्ञापत्राचा खर्च, गरज पडली तर मुलाचं एसटी भाडं. रमजानमध्ये लोक जकात देऊ करतात. ती आम्ही या खात्यात घेत नाही. जकातीचे हक्कदार ठरलेले आहेत, ती आमच्या झेरॉक्सला वापरणं मला पटत नाही. कुणाला फी भरायची असेल तर आम्ही गरजू मुलाची गाठ घालून देतो, देणारा त्याच्या हातात देतो. आमचा हिशोब दर पहिल्या रविवारी फळ्यावर लिहितो. पाच-सहा ओळींचा असतो. तेवढ्यावरही आमच्यात भांडणं होतात, ते बरं लक्षण आहे.

दोन-तीन गोष्टी आम्ही करत नाही. स्थळं जुळवत नाही. निवडणुकीत कुणाची बाजू घेत नाही, उमेदवार आला तर त्याला अर्ज भरायला बसवतो, आणि मग तो परत येत नाही. आणि मुलगी एकटी आली तर तिला 'घरचं कोण आलंय?' असं विचारत नाही. यावर आमच्यात तासभर वाद झाला होता. एक जण रागावून दोन महिने आले नाहीत. मग आले.

आता तुमचं काम. आमच्यातल्या निम्म्यांना मोबाइलवर फोटो नीट काढता येत नाही. पोर्टलला पाहिजे ठरावीक केबीची फाइल, आणि चाचा पाठवतात गुलाबाच्या फुलासकट गुड मॉर्निंग. म्हणून तंत्राचं सगळं काम तुमच्या वयाची मुलं करतात. त्यांच्याकडून आम्ही ओटीपी म्हणजे काय ते शिकलो, बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्या चोराला ओळखायला शिकलो. आमच्या एका चाचांचे पेन्शनचे चाळीस हजार एका मुलीने वाचवले, फोन हातातून हिसकावून घेऊन. हवालदारच होते ते, पण ते असो.

तुम्हाला तुमच्या गावात असा गट काढायचा असेल तर मोठं काही लागत नाही. एक महसुलातून निवृत्त झालेला माणूस शोधा, एक जुनं उर्दू किंवा मोडी वाचणारा, आणि वंशावळी पाठ असलेली एक बाई. मोडी वाचणाऱ्यांना आता भाव आला आहे, २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हापासून. त्या निमित्ताने बऱ्याच जुन्या वह्या बाहेर निघाल्या, त्यांत आपलीही नावं आहेत. ती कुणी शोधत नाही, कारण कुणी सांगितलेलंच नाही.

आणि ज्यांना मिरजेला यायचं आहे त्यांनी पहिल्या रविवारी दहाला या. येताना स्वतःचा आणि वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणा, रेशनकार्ड आणा, आधारची प्रत आणा. बापाच्या बाजूच्या कुणाची वैधता निघाली असेल तर तिची प्रत जरूर आणा, त्याने निम्मं काम होतं. आजोबांची, त्यांच्या भावांची, त्यांच्या बापाची नावं एका कागदावर लिहून आणा, आणि ते १९६७च्या आधी कुठल्या गावात होते ते. आजी-आजोबा हयात असतील तर त्यांनाच घेऊन या. जिना आहे, पण आम्ही खाली येऊन बसतो.